आजाऱ्यांची यादी आणि चर्चचा हिशोब

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, खाटेला खिळलेल्या माणसांची यादीच नव्हती. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, वर्गणीची यादी होती, हॉलच्या बुकिंगची वही होती, कबरींचं रजिस्टर होतं. पण घराबाहेर पडणं कुणाला जमत नाही, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कुणाच्या घरी कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, न्यायचं, कोण शेवटच्या दुखण्यात आहे, हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. आम्हाला हे कळलं ते एका माणसाच्या मरणानंतर. पुढे जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण गोव्यात आणि माहेरी वसईतही माणसं मला विचारतात, फादरांना जाब विचारायचा तरी कसा? आणि विचारणं पाप तर नाही ना?

गावाचं आणि विगारांचं, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाद्रींचं, नाव लिहिणार नाही. ते आजही सेवेत आहेत आणि त्यांची अब्रू काढण्यात मला रस नाही. उत्तर गोव्यातल्या बार्देशातलं गाव, एवढं पुरे.

मी लग्न करून गोव्यात आले, नोकरी बँकेत केली, आता निवृत्त आहे. वसईत वाढल्यामुळे फादर म्हणजे लोकांतला माणूस हे मनात पक्कं बसलं होतं. वसईची हिरवाई वाचवण्याच्या हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरलेले आमच्या पिढीने पाहिले. गोव्यातही असे पाद्री आहेत. गोव्यातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक उठले तेव्हा चर्च लोकांच्या बाजूने उभं राहिलं होतं, आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. तेव्हा मी जे सांगते आहे ते सगळ्या पाद्रींबद्दल नाही. पण एका गावात जे झालं ते एकाच गावापुरतं आहे असंही मला वाटत नाही.

आमच्या वाड्यावर वेंगुर्ल्याहून लग्न होऊन आलेली एक बाई राहते. तिच्या सासऱ्यांनी उमेदीची वर्षं मांडवीतल्या खनिजाच्या बार्जवर काढली होती. शेवटी फुप्फुसं गेली. एका संध्याकाळी त्यांचा श्वास लागला आणि त्यांनी स्वतःहून पाद्रीला बोलवा म्हटलं. तिने पाद्रींच्या घरी फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, फादर लग्नाच्या रिसेप्शनला गेलेत, टोस्ट, म्हणजे वधूवरांना शुभेच्छांचं भाषण, त्यांनाच म्हणायचा आहे. मोबाइल वाजत राहिला. ती पुन्हा पुन्हा फोन करत राहिली. पहाटे म्हातारा गेला, कन्फेशनशिवाय, म्हणजे पापांच्या कबुलीशिवाय, आणि पवित्र तेलाशिवाय. कम्युनियन नेमलेला सामान्य माणूसही घरी नेऊ शकतो. पण कन्फेशन ऐकणं आणि आजाऱ्याला तेल लावणं ही कामं फक्त पाद्रीच करू शकतो. म्हणून त्या रात्री दुसरा कुणी धावून येऊनही भागलं नसतं.

दफनाला विगार वेळेवर आले, प्रवचनही चांगलं केलं. सून माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "ताई, आता येऊन काय उपयोग? ते विचारत होते तेव्हा यायला हवं होतं."

गावात राग आधीपासूनच साचत होता. पाद्रींच्या घराचं नूतनीकरण झालं होतं, बसायच्या खोलीत नवा संगमरवर, वातानुकूलन, काचेचं कपाट. टेकडीवर बंगले बांधणाऱ्या बिल्डरच्या घरभरणीला विगार पहिल्या रांगेत असत. फेस्ताची रोषणाई दरवर्षी वाढत होती. आणि दारावर पाटी होती, ऑफिसची वेळ अमुक ते अमुक. दफनभूमीतून बाहेर पडताना काही तरुण म्हणत होते, उद्याच वर्तमानपत्रात देऊया. एका राजकीय कार्यकर्त्याने तर फोन नंबरही देऊन टाकला.

आमच्यात एक सर आहेत, मूळचे सावंतवाडीचे, जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्यांनी त्या रात्री आम्हा चौघापाच जणांना घरी बसवलं आणि बायबलमधला मत्तयचा अठरावा अध्याय वाचला. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याला जाऊन सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला कळव. मग तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय: वडिलावरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय घ्यायचा नाही. सर म्हणाले, "ही पायरी सोडली तर आपण त्यांना सुधारायला निघालेलो नाही, पाडायला निघालो आहोत." गल्फमधून परतलेला एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेला, बाब तिथे होता. त्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, "दोन हजार वर्षं पायऱ्याच चढतोय आपण." तरी तो थांबला. आणि पुढे सगळ्यात जास्त पायपीट त्यानेच केली.

एकटीने जायचं काम माझ्याकडे आलं. विगारांनी मला चांगलं वागवलं, चहा दिला. मी त्या रात्रीचं सांगितलं. ते आधी गप्प झाले, मग कारणं सांगू लागले, आणि त्यांतली बरीच खरी होती. मदतीला दुसरा पाद्री नाही. वाड्यावाड्यांतली कपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, शाळेचं मंडळ, जमिनीच्या कोर्टाच्या तारखा, हॉलची दुरुस्ती, सगळं एकाच माणसाच्या अंगावर. पूर्वी एकेका घरातून एक मुलगा सेमिनारीत जाई, आता तसं राहिलेलं नाही. मी विचारलं, आजाऱ्यांची यादी कुणाकडे आहे? ते म्हणाले, "यादी अशी नाही. लोक सांगतात तसं आम्ही जातो." मी विचारलं, जे सांगू शकत नाहीत त्यांचं काय? यावर उत्तर आलं नाही. निघताना म्हणाले, "तुम्हीच करा ना यादी." उडवून लावण्यासाठी म्हणाले असतील, पण आम्ही ते वाक्य शब्दशः घेतलं.

यादी करताना जे पाहिलं त्याने माझी झोप उडाली. आपलं गाव आपल्याला माहीत असतं असं वाटतं, पण बंद खिडक्यांच्या मागे कोण आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मुलं इंग्लंडात, लंडनला किंवा स्विंडनला, घरात फक्त आई आणि दिवसा येणारी बाई. एका जुन्या घरात नव्वदीच्या पुढची बाई भेटली. दर पहिल्या शुक्रवारी ती सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा झगा घालून बसते. छोट्या मेजावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेल्यात पाणी. पूर्वी कम्युनियन घरी यायचं तेव्हा असंच मांडायची पद्धत होती. तिच्या कामवालीने मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, दुपारपर्यंत बसते, मग मीच सगळं आवरून ठेवते. किती महिने झाले? कामवाली बोटं मोजू लागली आणि मोजायची थांबली. म्हातारीची तक्रार काहीच नव्हती. उलट मलाच म्हणाली, "पाद्रीला कामं असतात गं बाये."

गावाच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत झारखंडचं एक जोडपं होतं, दोघंही कॅथलिक, बांधकामावर मजूर. नवरा परांचीवरून पडल्यापासून अंथरुणाला खिळला होता. इतकी वर्षं आमच्या गावात राहून त्यांचं नाव कुठल्याच पॅरिशच्या वहीत नव्हतं.

आणि दारोदार एकच भीती. "आमचं नाव घालू नका हां." का? उद्या बाप्तिस्म्याचा दाखला लागला तर? मुलीच्या लग्नाचा कागद अडवला तर? कबरीची जागा? आजपर्यंत कुणाचा दाखला अडवल्याचं मला ठाऊक नाही. पण ही भीती आहे, आणि जिथे ती आहे तिथे मेंढपाळाला, म्हणजे पाद्रीला, कुणीही खरं सांगणार नाही, हे वरच्यांनी समजून घ्यायला हवं. दुसरी भीती जास्त गंभीर होती आणि ती मला पटतही होती. एका शिक्षिकेने विचारलं, देशात ख्रिस्ती माणसांवर दिवस असे आलेले असताना आपणच आपल्या चर्चविरुद्ध कागद करायचा? त्याचा फायदा कोण घेईल? म्हणूनच आम्ही त्या कार्यकर्त्याला आणि वर्तमानपत्राला दोघांनाही नाही म्हटलं. पण गप्प बसणं हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. त्या म्हाताऱ्याच्या सुनेला तर नाहीच.

दुसरी पायरी म्हणून आम्ही तिघं यादी घेऊन गेलो आणि पॅरिश पास्टरल कौन्सिलची, म्हणजे विगारांना सल्ला देणाऱ्या मंडळाची, सभा मागितली. सभा व्हायला वेळ लागला. झाली तेव्हा वातावरण तापलेलं होतं. एक ज्येष्ठ सभासद माझ्याकडे बघून म्हणाले, बाहेरून आलेल्यांनी आम्हाला चर्च शिकवू नये. दुसरे म्हणाले, पाद्रींवर बोट दाखवणं म्हणजे देवाच्या अभिषिक्तावर हात टाकणं. सरांनी शांतपणे सांगितलं की अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं, तू चुकतो आहेस, आणि हे पौलाने स्वतः गलतीकरांना लिहून ठेवलं आहे. सिएनाच्या संत कॅथरीनने पोप अकराव्या ग्रेगरींना आजच्या फ्रान्समधलं अविन्यॉं सोडून रोमला परत या म्हणून पत्रांमागून पत्रं लिहिली, त्यांच्या सभोवतालच्या पाद्रींच्या ऐषारामाबद्दल स्पष्ट शब्दांत लिहिलं, आणि तिला चर्चने संत केलं.

मी कायद्याचं बोलले. बहुतेकांना ठाऊकच नव्हतं की कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या १९८३ च्या कायद्यात हे सगळं लिहिलेलं आहे. कलम २१२ म्हणतं की आपल्या ज्ञानाप्रमाणे आणि अधिकाराप्रमाणे, चर्चच्या भल्याच्या गोष्टी मेंढपाळांना सांगणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यही. अट अशी की श्रद्धा आणि नीती जपायची, मेंढपाळांचा आदर राखायचा, आणि सगळ्यांचं भलं व माणसांची प्रतिष्ठा लक्षात ठेवायची. कलम ५२९ विगारांना सांगतं की कुटुंबांना भेटा, आजाऱ्यांकडे, विशेषतः मरणाच्या दारातल्यांकडे जा, गरीब, एकटे, देशोधडीला लागलेले यांची खास काळजी घ्या. कलम २८२ सांगतं की पाद्रीने साधं राहावं, ऐहिक डामडौलापासून दूर राहावं. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती असलीच पाहिजे. आणि कलम १२८७ चा दुसरा भाग, जो मी मोठ्याने वाचला: लोकांनी चर्चला दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यायचा, धर्मप्रांताच्या नियमांप्रमाणे.

विगार म्हणाले, "हिशोब आर्चबिशपांच्या कार्यालयात जातो." तो जायलाच हवा. पण लोकांनाही द्यायचा आहे, असं मी म्हटलं. सभा काही न ठरता संपली.

मग तिसरी पायरी, आर्चबिशपांना पत्र. हे पत्र लिहायला आम्ही फार काळ घेतला, आणि ज्यांना असं पत्र लिहायचं असेल त्यांच्यासाठी हा भाग जरा थांबून सांगते. सरांनी पहिला खर्डा मराठीत केला, कारण आमचा विचार मराठीत चालतो. नंतर त्याचं इंग्रजी केलं. पहिल्या खर्ड्यात "बेपर्वा", "चैनी", "बिल्डरांचे मित्र" असे शब्द होते. ते सगळे काढले. फक्त आम्ही स्वतः पाहिलेलं आणि तारखेसह सांगता येईल असं ठेवलं. ऐकीव गोष्टी, त्यांतल्या काही फार चविष्ट होत्या, एकही ठेवली नाही. हेतूबद्दल एक अक्षर नाही. ज्या घरांनी परवानगी दिली त्यांचीच नावं. सही निनावी नाही. निनावी पत्र टोपलीत जातं आणि जायलाच हवं. आणि पाठवण्याआधी एक प्रत विगारांच्या हातात दिली. ते मला सगळ्यात जड गेलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "यात खोटं काही नाही." पुढे काही बोलले नाहीत.

त्यांना काढून टाका अशी मागणी आम्ही केली नव्हती. कलम १७४१ मध्ये विगारांना पदावरून हटवण्याची कारणं दिली आहेत. त्यांत पॅरिशच्या कर्तव्यांची गंभीर हेळसांड येते, मालमत्तेचा नुकसानकारक गैरकारभारही येतो. तारवटी बाबला ते कलम घालायचं होतं. आम्ही नको म्हटलं. आमच्या मागण्या तीन होत्या: आजाऱ्यांची यादी आणि भेटीचं वेळापत्रक, रात्री-अपरात्री पाद्री मिळेल अशी शेजारच्या पॅरिशसोबत व्यवस्था, आणि वर्षाचा हिशोब नोटीस बोर्डावर.

पत्र पणजीत आल्तिनोवर, आर्चबिशपांच्या निवासावर, नेऊन दिलं, प्रतीवर पोच घेतली. मग काही काळ काहीच नाही. हा काळ वाईट होता. गावात आमच्याशी काही जण मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, बोलेनासे झाले. लेंतचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांचा, काळ होता, आणि मी बायबलमधला यहेज्केलचा चौतिसावा अध्याय रोज वाचत होते, जिथे देव कळपाला न चारता स्वतःचंच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना जाब विचारतो. स्मरणपत्र पाठवलं. त्यानंतर आमच्या विभागाचे डीन, म्हणजे आसपासच्या पॅरिशांवर लक्ष ठेवणारे पाद्री, आले. त्यांनी आम्हाला एकेकट्याला बोलावून ऐकलं, वेंगुर्ल्याच्या सुनेला सगळ्यात जास्त वेळ दिला. ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं.

डीनच्या सांगण्यावरून आर्थिक समितीत मला हिशोब पाहायला मिळाले. आयुष्यभर खाती तपासली आहेत, त्यामुळे नजर कुठे जायची तिथे गेली. आणि सांगते, एका रुपयाचीही चोरी नव्हती. प्रत्येक खर्चाला पावती, प्रत्येक पावतीला सही. गावातल्या निम्म्या कुजबुजीला त्या वह्यांनीच उत्तर दिलं, आणि ते मी जाहीरपणे सांगितलं. पण त्याच वह्यांनी दुसरं काहीतरी दाखवलं. पाद्रींच्या घराची पानं भरलेली, फेस्ताची पानं भरलेली, हॉलच्या फरशांची भरलेली. गरिबांच्या मदतीच्या शीर्षकाखाली वर्षभरात बोटावर मोजण्याइतक्या ओळी. आजाऱ्यांसाठी एकही नाही. चोर शोधायला गेलेल्या माणसाला अशा वहीत काहीच सापडत नाही. ऐहिकपणा चोरी करत नाही. तो खर्चाच्या ओळीत बसतो, पावतीसकट. जर्मनीत लिंबुर्गच्या बिशपांनी निवासस्थानावर तीन कोटी युरोंहून जास्त खर्च केला, तेव्हा लोक उठले आणि मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा राजीनामा स्वीकारला. आमच्या गावात रक्कम त्यापुढे काहीच नाही. पण पैसा कुणीकडे वाहतो हे विचारण्याचा हक्क रकमेवर अवलंबून नसतो.

गोव्याला हे कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. संत जुझे वाझ बाणावलीला जन्मले, १६८७ मध्ये वेश पालटून सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गेले, आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आजाऱ्यांना टाकून पळत असताना हा गोव्याचा पाद्री त्यांची सेवा करत राहिला. १६ जानेवारीला आपण त्यांचं फेस्त करतो. त्या वर्षी आमच्या विगारांनी त्यांच्यावरच प्रवचन केलं, आणि मध्येच कागद बाजूला ठेवून म्हणाले की या पॅरिशमध्ये काही आजारी माणसांपर्यंत मी पोचलो नाही, त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची मी क्षमा मागतो. चर्चमध्ये कुणी हललं नाही. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जेवढा आदर वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. सूनही होती तिथे. तिने क्षमा केली की नाही ते मी विचारलं नाही. तो तिचा प्रश्न आहे.

त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी ते मेज मांडणाऱ्या म्हातारीकडे गेले. झारखंडच्या जोडप्याकडेही गेले, त्यांचं नाव वहीत आलं. काही महिन्यांनी नेहमीच्या बदल्यांत त्यांची बदली झाली. गावात दोन्ही बाजूंनी त्याचा अर्थ लावला. मला विचाराल तर ती शिक्षा नव्हती आणि आमचा विजयही नव्हता. त्यांच्या नव्या पॅरिशमधल्या एका ओळखीच्या बाईने सांगितलं की तिथे गेल्या गेल्या त्यांनी आजाऱ्यांची यादी मागितली.

नवे विगार आल्यावर यादी चालू राहिली. प्रत्येक वाड्यावर एक माणूस आहे, जो बदल कळवतो. दोन वाड्यांवर अजून कुणी पुढे आलेलं नाही. शेजारच्या पॅरिशसोबत रात्रीची व्यवस्था झाली आहे, आणि तो नंबर चर्चच्या दारावर ऑफिसच्या वेळेच्या पाटीखाली लावला आहे. हिशोबाचं मात्र डळमळीत आहे. पहिल्या वर्षी बोर्डावर एक पान लागलं, दुसऱ्या वर्षी लागलं नाही. आम्ही पुन्हा लिहिलं, अगदी तसंच, आदराने आणि कलमासकट. उत्तर आलं की पुढच्या सभेत विषय घेऊ. सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. हॉलच्या भाड्यातला ठरावीक भाग आजाऱ्यांच्या औषधांसाठी बाजूला ठेवायचा, हा ठराव त्याच दिवशी मांडायचा आहे. त्यावर सर आणि तारवटी बाब यांच्या सह्या झाल्या आहेत, आणि तिसरी सही त्या सुनेची आहे.